पाचोळ्यातला कस्तूर

पोस्टाच्या काउंटरवर तीसएक वर्षं काढली मी. त्यामुळे माझ्या बोलण्याला जरा धार आहे, असं लोक म्हणतात. लोकांना काय जातंय म्हणायला! रांगेत उभं राहायचं नाही, पत्ता धड लिहायचा नाही, डिंकाची बोटं टेबलाला पुसायची, आणि वर बाईंनी हसून बोलावं ही अपेक्षा. मी हसले नाही. पण माझ्या हातून कुणाचं एक पत्र इकडचं तिकडं झालं नाही. निवृत्त होईपर्यंत तरी नाही. निवृत्त झाल्यावर एक झालं, आणि ते माझ्या सख्ख्या बहिणीचं होतं.

ताई माझ्याहून सहा वर्षांनी मोठी. तिनं लग्न केलं नाही. कसब्यातल्या एका छापखान्यात ती आयुष्यभर प्रुफं तपासत बसली. लग्नपत्रिकेपासून पंचांगापर्यंत काहीही तिच्या हाताखालून जायचं आणि चूक म्हणून सुटायची नाही. डोळ्यांवर जगलेली बाई. त्याच डोळ्यांत काचबिंदू झाला. चष्म्याचा नंबर वाढला असेल म्हणत तिनं दोन वर्षं घालवली, आणि डॉक्टरांकडे गेली तोवर फार उशीर झाला होता. माझे यजमान आधीच गेलेले. मग आम्ही दोघींनी मिळून वारज्यात, टेकडीच्या पायथ्याशी, दोन खोल्यांचा फ्लॅट घेतला. तोवर ताईला फक्त उजेड आणि अंधार एवढंच कळत होतं.

नव्या घरात आल्यावर तिनं उंबरा ओलांडला नाही. मी रोज सकाळी टेकडीवर जायचे. पुण्यात पेन्शनर झालं की टेकडी चढावीच लागते, नाहीतर लोक तब्येतीची चौकशी करायला घरी येतात. चल म्हटलं की ती म्हणायची, "मला साखळी लावल्यासारखी फिरवू नकोस." सात-आठ महिने हेच. ती दिवसभर गॅलरीत बसून राहायची. आपण बहिणीला सांभाळतोय की नुसतं घरात ठेवतोय, ते मला कळेनासं झालं होतं. रात्री झोप लागायची नाही.

मग एकदा उन्हाळ्याच्या शेवटी, मी चहा घेऊन गॅलरीत गेले, तर तिनं हात वर करून मला गप्प केलं. "कोण गातोय तो?" मला रिक्षाचे हॉर्न आणि शेजारचा मिक्सर सोडून काही ऐकू येत नव्हतं. ताई म्हणाली, आधी बुलबुलाचा आवाज काढला, मग शिंपी पक्ष्याचा, मग आणखी कुणाचा तरी, आणि मग स्वतःचं म्हणायला लागला, पण पक्षी एकच आहे. चहा निवून गेला. तिनं कपबशी बाजूला सरकवली आणि विचारलं, "माझ्या चपला कुठे आहेत?"

आवाज टेकडीच्या मागच्या अंगाच्या घळीतून येत होता. घळ म्हणजे पावसाळ्यात ओहोळ आणि एरवी कोरडी चिंचोळी खाच. दोन्ही बाजूंनी करवंदीच्या जाळ्या, घाणेरी, वर वाकलेली झाडं आणि खाली गुडघाभर पाचोळा. भर उन्हातही आत गारवा असायचा. घळीच्या तोंडाशी एका दगडावर मी ताईला बसवलं. पक्षी आत कुठेतरी होता, दिसत नव्हता, पण गात होता. ताईच्या चेहऱ्यावरचं ते हसू मी फार दिवसांनी पाहिलं, आणि खोटं कशाला सांगू, मी पदर डोळ्यांना लावला. तिला दिसत नाही याचा त्या क्षणी मला फायदाच झाला.

तेव्हापासून रोज सकाळी आम्ही दोघी. वाचनालयातून पक्ष्यांचं पुस्तक आणून मी तिला वाचून दाखवलं. नारिंगी डोक्याचा कस्तूर. साळुंकीहून किंचित लहान, डोकं आणि पोट नारिंगी, पाठ निळसर राखाडी, गळा पांढरा, गालावर दोन काळसर उभ्या रेघा. लाजाळू. डोंगराच्या रानात, दाट झुडपांच्या खाली, सावलीत राहतो. पुढे बरंच काही होतं, पण ताई म्हणाली, पुरे, बाकीचं मी ऐकते. आणि खरंच ऐकायची. तो येण्याआधी कुठून येतो, कुठे थांबतो, सगळं तिला कळायचं. मला विचाराल तर मला तो पहिल्या वर्षात चारदाच दिसला असेल, तोही मी जरा हलले की जाळीत गडप.

आता माझा पराक्रम सांगते.

टेकडीवर आमचं एक मंडळ होतं. म्हणायला मंडळ, माणसं आठ, सगळी पेन्शनर. दर रविवारी श्रमदान. रोपांना पाणी घालायचं, प्लास्टिक वेचायचं, पायवाट झाडायची. प्रमुख मी, कारण माझ्याशी वाद घालायचा बाकीच्यांना कंटाळा होता. पुढच्या उन्हाळ्यात आमच्यातल्या एका बँकवाल्या साहेबांना घळीपाशी साप दिसला. होती ती बिचारी धामण, पण साहेबांनी घोणस म्हणून बोंब ठोकली. तिथंच, त्या पाचोळ्यात पाय सोडून, माझी आंधळी बहीण रोज तासभर बसते! त्याआधी दोनदा तिचा पायही पाल्यावरून घसरला होता. मी ठरवलं, घळ साफ करायची.

ताई तेव्हा पंधरा दिवसांसाठी विश्रांतवाडीला एका चुलत भाचीकडे गेली होती, तिच्या मुलीच्या लग्नासाठी. मला वाटलं, छान झालं, ती परत आली की चकित होईल. दोन रविवार आम्ही आठजण कोयते आणि खराटे घेऊन राबलो. करवंदी मुळापाशी छाटल्या, घाणेरी उपटली, पाचोळा पोत्यांत भरून बाहेर आणला आणि पेटवून दिला. दगडांना गेरू आणि चुना लावला. ताईसाठी पाठ टेकायला एक बाकडं मांडलं. शेवटी मी कमरेवर हात ठेवून बघितलं, तर घळ अशी चकचकीत झाली होती की पाट मांडून पंगत बसवावी. मला स्वतःचं फार कौतुक वाटलं.

ताई आली, आणि दुसऱ्याच दिवशी आम्ही वर गेलो. काठी टेकत चार पावलं टाकून ती थांबली. म्हणाली, पाय वाजत नाहीत. मग काठी इकडे तिकडे फिरवून पाहिली. सगळीकडे नुसती टणक जमीन. "पाला कुठे गेला गं?"

सगळं कसं केलं ते सांगायला मी तोंड उघडलंच होतं. पण तिचा चेहरा पाहिला. आणि जे बाहेर पडलं ते असं की, कुणास ठाऊक, तू नव्हतीस तेव्हा कुणीतरी साफसफाई केलेली दिसते. इतक्या सहज बोलले की माझं मलाच आश्चर्य वाटलं. ताईनं बाकड्यावरून हात फिरवला आणि विचारलं, हे कुणी ठेवलं. तेही मी कुणास ठाऊकच्या खात्यात टाकलं.

तासभर बसलो. बुलबुल बोलले, खाली रस्त्यावर गाड्या बोलल्या, कस्तूर नाही. दुसऱ्या दिवशी नाही, तिसऱ्या दिवशी नाही. त्याचे गायचे दिवस ऐन भरात, आणि घळ मुकी. दहा-बारा दिवस झाल्यावर ताई म्हणाली, आता नको, माझे पाय दुखतात. तिच्या पायांना काही झालं नव्हतं. ती पुन्हा गॅलरीत बसली, आणि या खेपेला तिला तिथं मी बसवलं होतं.

थोड्या दिवसांनी तिनं मला कागद-पेन घ्यायला सांगितलं. वर्तमानपत्राला पत्र लिहायचं म्हणाली. आता पुण्यात राग आला की माणूस भांडतो किंवा संपादकांना पत्र लिहितो, आणि ताई भांडणातली नव्हती. ती सांगत गेली, स्वल्पविराम आणि पूर्णविरामासकट, आणि मी लिहीत गेले. "वारज्याच्या टेकडीवरील घळ ज्या कुणी शहाण्यांनी झाडून काढली," इथपासून सुरुवात. मग अडाणी, मग हौशी, मग स्वच्छतेचं वेड लागलेले उपटसुंभ. आणि मग असं वाक्य आलं: "त्या पाचोळ्याखाली एका पक्ष्याचे जेवण होते."

माझं पेन थांबलं. म्हणजे काय, मी विचारलं. ताईनं समजावलं. तो झाडावर नाही खात. चोचीनं एकेक पान उलटतो आणि खालचे किडे, गांडुळं टिपतो. आधी पाचोळा वाजायचा आणि मग तो गायचा, रोज. तुला ऐकू यायचं नाही? नव्हतं येत मला. मला कचराच दिसला. जाळ्या तोडल्या म्हणजे त्याचं घर गेलं, पाला जाळला म्हणजे पोट गेलं. मी काय करून बसले ते मला असं, माझ्याच अक्षरात लिहिताना कळलं. तोंडात मारल्यासारखं झालं. तरी मी तेव्हाही बोलले नाही. खाली ताईची सही घेतली, पाकिटात घातलं, पत्ता लिहिला, तिकीट लावलं.

आणि ते पत्र मी पेटीत टाकलं नाही. कपाटात, पेन्शनच्या कागदांखाली ठेवून दिलं.

रोज सकाळी मी ताईला वर्तमानपत्र वाचून दाखवायचे. ती वाचकांच्या पत्रांशी थांबायला सांगायची. आलं का? नाही. महिना झाला, दोन झाले. संपादकांना मोठ्या मोठ्या बातम्या हव्या असतात, पाखराचं कोण छापतंय, असं म्हणून तीच माझी समजूत घालायची. मंडळात मी कुणावर ओरडेनाशी झाले, तेव्हा बँकवाल्या साहेबांनी बाई आजारी आहेत का म्हणून विचारलं.

पावसाळ्यात उघड्या घळीतली माती वाहून खाली रस्त्यावर आली. माघात पानगळ सुरू झाली तशी मी एकटीनंच कामाला लागले. सोसायट्यांचे रखवालदार सकाळी पाला झाडून कोपऱ्यात पेटवतात. मी पेटवण्याआधी जाऊन उभी राहायचे, पोतं भरायचे आणि टेकडी चढायचे. पोतं हलकं असतं, पण लोकांच्या नजरा जड असतात. गेल्या वर्षी खाली आणला, यंदा वर नेता, दमलात की सांगा, असं साहेब म्हणाले. मी त्यांच्या हातात एक पोतं दिलं. गुपचूप घेतलं त्यांनी.

टेकडीवर एक म्हातारी शेळ्या घेऊन यायची. मूळची वारजे गावातली. शेतं बिल्डरला गेली, मुलांनी तीन मजली घर बांधलं, पण तिची शेळ्यांची सवय गेली नाही. मी पहिलं पोतं ओतत होते तेव्हा ती काठीवर हनुवटी टेकून बघत राहिली. मग माझ्या शेजारी येऊन खाली बसली. तिला मी खरं सांगितलं. ताईच्या आधी तिला सांगितलं, कारण तिचा माझा काही संबंध नव्हता.

ती म्हणाली, "ते पाला उलथनारं पाखरू ना? पल्याडच्या ओढ्यात हाय ते, मेलं न्हाई. करवंदीची मुळं जित्ती हायती, फुटतील. तुमी आता हात लावू नका म्हंजे झालं. दोन पावसाळं जाऊ द्या. आलं तर आलं." मग मला आणखी एक सुनावलं, की शोभेच्या झाडांचा पाला आणू नका, तो कुजत नाही. तिच्या परड्यातल्या आंब्याचा पाला घेऊन जा म्हणाली. त्या दिवसापासून तिनं शेळ्या घळीच्या अंगाला फिरकू दिल्या नाहीत. मी तिला तसं सांगितलंही नव्हतं.

घरी आले तशी ताई म्हणाली, "तुझ्या अंगाला पाचोळ्याचा वास येतोय."

मी उभ्या उभ्या सगळं सांगितलं. घळ मी साफ केली, खोटं मी बोलले, आणि तुझं पत्र कपाटात आहे. काउंटरवर तीस वर्षांत मी कुणाची माफी मागितली नव्हती, त्यामुळे ती कशी मागतात तेही धड जमेना. ताई चार दिवस बोलली नाही. जेवली, औषध घेतलं, रेडिओ ऐकला, माझ्याशी शब्द नाही. पाचव्या दिवशी म्हणाली, पत्र आण आणि वाच. मी वाचलं. उपटसुंभपाशी मी जरा चाचरले तर तिनं मोठ्यानं वाचायला लावलं. पत्र संपल्यावर म्हणाली, "एक ओळ वाढव. घळ साफ करणारी मीच, असं लिही. माझी सही खोड आणि खाली तुझी कर. आणि आता टाक पेटीत."

टाकलं. छापूनही आलं, निम्मं कापून. उपटसुंभ गेला म्हणून ताई संपादकांवर उखडली. पत्र वाचून दोन सोसायट्यांनी पाला जाळायचं बंद केलं आणि पोती आमच्यासाठी भरून ठेवायला लागल्या. मंडळातल्या तिघांनी राजीनामे दिले, कारण मंडळाची अब्रू गेली. उरलेल्या पाचजणांचा रविवारचा नियम असा झाला की घळीपासून वीस पावलांवर थांबायचं, कुणाला आत जाऊ द्यायचं नाही, आणि आपणही जायचं नाही. काही न करण्याचं श्रमदान. झाडण्यापेक्षा अवघड आहे ते, माझ्यासारखीला तर फारच. बाकडं आम्ही उचलून टेकडीच्या पायथ्याच्या देवळापाशी ठेवलं.

पण ताई वर आली नाही. मी एकटी जायचे. परतल्यावर ती विचारायची, आला का, आणि मी नाही म्हणायचे. पहिला पावसाळा असा गेला. करवंदी फुटल्या. दुसरी पानगळ झाली, पाला घोट्यापर्यंत आला. दुसरा पावसाळा गेला. तिसऱ्या उन्हाळ्यात, वळवाच्या दोन सरी पडून गेल्यावर, एका सकाळी मी वीस पावलांवर उभी होते आणि मला तो दिसला. जाळीच्या बुडाशी, सावलीत, अगदी मुका. नारिंगी डोकं एका बाजूला कलतं करून पाल्याकडे बघत होता.

मी या वयात टेकडी पळत उतरले. दारातूनच ओरडले, ताई, आला! चल!

ती खुर्चीतून हललीसुद्धा नाही. म्हणाली, गातोय का? मी म्हटलं, गात नाहीये, पण आहे, मी डोळ्यांनी पाहिला. थोडा वेळ तिनं माझ्या आवाजाच्या दिशेनं तोंड करून ठेवलं. मग विचारलं, "खरंच आलाय, की मला घराबाहेर काढायला म्हणतेस?"

चूक तिची नव्हती. तिच्याकडे दुसरे डोळे नव्हते, माझेच होते, आणि त्या डोळ्यांनी तिला एकदा फसवलं होतं. मी स्वयंपाकघरात जाऊन नळ सोडला आणि पोटभर रडले.

दुसऱ्या दिवशी परत आल्यावर तिनं विचारलं. तो दिसला नव्हता. मी नाही म्हटलं. हो म्हणायची इतकी इच्छा झाली होती की ओठ दाबून धरावे लागले. तिसऱ्या दिवशी नाही. चौथ्या दिवशी पाचोळा वाजला, पण सरडा निघाला. मी तसंच सांगितलं, नाही, सरडा होता. पाचव्या दिवशीही नाही. सहाव्या दिवशी तो होता. मी चालतच घरी आले, चपला काढल्या, आणि तिनं विचारल्यावर म्हटलं, होता.

ताई उठली. म्हणाली, मधे चार दिवस नाही म्हणालीस, म्हणून येते.

जवळजवळ तीन वर्षांनी ती टेकडी चढत होती. दोनदा थांबलो, दम लागला. वीस पावलांवर मी तिला जमिनीवरच बसवलं. किती वेळ गेला सांगता येत नाही. ऊन वर आलं. मग आत पाचोळा किंचित वाजला, थांबला, पुन्हा वाजला. ताईनं माझं मनगट धरलं.

"सरडा की तो?"

"तोच."

तिनं मान हलवली. पुन्हा विचारलं नाही. मनगट मात्र सोडलं नाही. हळू आवाजात म्हणाली, "काय करतोय आत्ता?"

मी सांगायला लागले. पान उलटलं. थांबलाय. इकडेच बघतोय. दुसरं पान उलटलं, खाली काही मिळालं नाही. दोन उड्या मारून पुढे गेला. चोचीत काहीतरी आहे, काय ते इथून दिसत नाही. जे दिसत होतं तेवढंच सांगितलं, एक शब्द जास्त नाही.